संत पेत्र

संत पेत्र (मूळ नाव: शिमोन, मृत्यू: अंदाजे इ.स. ६४ ते ६८ दरम्यान) हे येशू ख्रिस्तांच्या बारा प्रेषितांपैकी प्रमुख प्रेषित होते. 'पेत्र' हे त्यांचे जन्मनाव नाही. येशूंनी त्यांना दिलेल्या 'केफा' या अरामी उपाधीचा तो ग्रीक अनुवाद आहे.

जीवन

शिमोन हे गालील प्रांतातील ज्यू कोळी होते. योहानाच्या शुभवर्तमानानुसार त्यांचे गाव बेथसैदा. मार्काच्या शुभवर्तमानात मात्र त्यांचे घर कफर्णहूम येथे असल्याचा उल्लेख आहे. ते विवाहित होते. भाऊ अंद्रिया यांच्यासह मासेमारी सोडून त्यांनी येशूंचे शिष्यत्व पत्करले. येशूंना अटक झाली त्या रात्री, आपण त्यांना ओळखत नाही, असे पेत्रांनी तीनदा सांगितले. तरीही पुढे यरुशलेममधील पहिल्या ख्रिस्ती समुदायाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. अंत्युखिया येथे ज्यू नसलेल्या ख्रिस्ती लोकांच्या पंक्तीला बसणे त्यांनी बंद केले, तेव्हा संत पौल यांनी त्यांना उघड विरोध केला.

'केफा' ही उपाधी

अरामी ही त्या काळी गालीलमधील ज्यूंची बोलभाषा होती. या भाषेत 'केफा' म्हणजे खडक. व्यक्तिनाम म्हणून हा शब्द दुर्मीळ आहे. इजिप्तमधील एलिफंटाइन येथील इ.स.पू. ४१६ च्या एका अरामी दस्तऐवजात तो आढळतो. ज्यू परंपरेत नवे नाव नव्या कार्याचे द्योतक असते. अब्रामाचा अब्राहाम आणि याकोबाचा इस्राएल झाला तो याच अर्थाने. यशयाच्या ग्रंथात अब्राहामालाही खडकाची उपमा दिली आहे.

पौल यांच्या पत्रांत 'केफा' हे रूप आठ वेळा, तर 'पेत्र' केवळ दोनदा येते. त्यावरून ग्रीक भाषिक मंडळ्यांमध्येही अरामी उपाधी रूढ होती, असे दिसते.

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू या खडकावर आपली मंडळी उभारण्याचे वचन देतात. ग्रीकमध्ये खडकासाठीचा 'पेत्रा' हा शब्द स्त्रीलिंगी असल्याने पुरुषाच्या नावासाठी 'पेत्रोस' हे पुल्लिंगी रूप योजले गेले. या भेदाच्या आधारे अनेक प्रोटेस्टंट भाष्यकारांनी खडक म्हणजे पेत्रांची श्रद्धा, असा अर्थ लावला. अरामीत मात्र दोन्ही ठिकाणी एकच शब्द येतो. 'पेशित्ता' या सीरियाक अनुवादातही तसेच आहे. रोमन कॅथलिक चर्च याच वचनाला पोपपदाचा आधार मानते. तथापि हे शुभवर्तमान ग्रीकमध्येच उपलब्ध असल्याने मूळ अरामी वाक्य हे अनुमानच ठरते.

मृत्यू आणि स्मृती

परंपरेनुसार सम्राट नीरोच्या काळात रोम येथे पेत्रांना क्रुसावर उलटे टांगून ठार मारण्यात आले. त्यांच्या मानल्या जाणाऱ्या समाधीवर व्हॅटिकनमधील सेंट पीटर्स बॅसिलिका उभी आहे (बांधकाम: १५०६–१६२६). २९ जून रोजी संत पौल यांच्यासह त्यांचा सण साजरा होतो. मराठी बायबलमध्ये 'केफा' आणि 'पेत्र' ही दोन्ही रूपे आढळतात.