थोर शल्यवैद्य अल-झहरावी

मुलांनो, आपल्या वाटूरच्या शिवारात कापूस पिकतो. आता कापूस यंत्रावर पिंजतात. पण पूर्वी पिंजारी खांद्यावर मोठी कमान घेऊन दारोदार येत असे. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, त्या कमानीचा आवाज त्यांना अजून आठवत असेल. कमानीच्या दोरीला तात म्हणतात. ती जनावराच्या आतड्यापासून वळलेली असे. तिच्यावर दिवसभर घाव बसत, तरी ती सहजासहजी तुटत नसे. अशाच आतड्याच्या, पण अगदी बारीक धाग्याने माणसाच्या पोटातील जखम शिवावी, असे लिहून ठेवणाऱ्या एका हकिमांची माहिती आज आपण वाचणार आहोत.

त्यांचे नाव अबुल कासिम अल-झहरावी. सुमारे १००० वर्षांपूर्वी स्पेनच्या दक्षिण भागात मुसलमानांचे राज्य होते. त्या राज्याला अंदलुस म्हणत. त्याची राजधानी कुर्तुबा. कुर्तुब्याजवळ खलिफा तिसरे अब्दुर्रहमान यांनी मदीनतुज्जहरा नावाचे सुंदर नगर वसवले. त्या नगरावरूनच अल-झहरावी हे नाव पडले. त्यांचा जन्म इ. स. ९३६ च्या सुमारास झाला. त्यांच्या बालपणाविषयी फार थोडी माहिती मिळते. त्यांची खरी ओळख होते ती त्यांच्या ग्रंथातून.

त्या काळी चिरफाड करणारे पुष्कळ होते, पण शरीराची रचना जाणणारे थोडे. एका अडाणी वैद्याने एका स्त्रीच्या मानेवरील गाठ कापली. मानेतील रक्तवाहिन्या तुटल्या आणि ती स्त्री त्याच्या डोळ्यांदेखत मरण पावली. अल-झहरावींनी ही घटना नोंदवून ठेवली. आपल्या विद्यार्थ्यांच्या हातून असे घडू नये, ही त्यांची तळमळ होती. त्यांच्याकडेही एकदा सुरीने गळा कापलेली एक दासी आली. जखमेतून श्वासाची हवा बाहेर येत होती. त्यांनी नीट तपासले, मोठी रक्तवाहिनी तुटलेली नाही याची खात्री केली आणि मगच जखम शिवली. ती दासी वाचली. तिचा आवाज मात्र थोडा घोगरा झाला, हेही त्यांनी लिहिले आहे. यश सांगताना उणीव लपवली नाही, हे मला फार आवडते.

आता टाक्यांचा विचार करा. कातडीवरचे टाके जखम भरल्यावर कापून काढता येतात. पण आतड्याला घातलेला टाका कसा काढणार? त्यासाठी पोट पुन्हा उघडावे लागेल! म्हणून जखम भरेपर्यंत घट्ट धरणारा आणि मग आपोआप नाहीसा होणारा धागा हवा. अल-झहरावींनी येथे दोन उपाय सांगितले. एक, मोठ्या डोक्याच्या मुंग्यांना जखमेच्या कडा चावू द्याव्यात व त्यांचे धड कापून टाकावे. डोके टाक्यासारखे चिकटून राहते. हा उपाय आपल्या देशातील सुश्रुतांच्या ग्रंथातही आहे. दुसरा उपाय, जनावराच्या आतड्यापासून काढलेला बारीक धागा सुईत ओवून शिवणे. आतड्याची तात यूनानी हकीम जालीनूस यांनाही ठाऊक होती, तेव्हा पहिला मान कोणाचा या वादात आपण पडू नये. असा धागा प्रथिनाचा असतो, म्हणून शरीर तो हळूहळू पचवते.

हलणारे दात बांधण्यासाठी मात्र त्यांनी सोन्याची तार पसंत केली. चांदीची तार काही दिवसांत हिरवी पडते, असे त्यांचे निरीक्षण होते.

इ. स. १००० च्या सुमारास त्यांनी ‘किताबुत्तसरीफ’ हा ३० भागांचा ग्रंथ पूर्ण केला. शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा असून त्यात सुमारे २०० हत्यारांची चित्रे आहेत. पुढे अंदलुसमध्ये यादवी माजली व मदीनतुज्जहरा उद्ध्वस्त झाले. अल-झहरावी इ. स. १०१३ च्या सुमारास वारले. नगर मातीखाली गेले, पण ग्रंथ राहिला. बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्ड यांनी त्याच्या शस्त्रक्रियेच्या भागाचे तुलेतुला म्हणजे टोलेडो येथे लॅटिन भाषांतर केले आणि युरोपातील वैद्य तो कित्येक शतके वाचत राहिले.

एकोणिसाव्या शतकात जोसेफ लिस्टर यांनी आतड्याचा धागा कार्बोलिक आम्लात भिजवून जंतुरहित केला. या धाग्याला कॅटगट म्हणतात, पण त्याचा मांजराशी काही संबंध नाही. तो मेंढी किंवा गुरांच्या आतड्याचा असतो. आता पुष्कळ ठिकाणी त्याची जागा कारखान्यात बनवलेल्या कृत्रिम धाग्यांनी घेतली आहे. पोटाच्या आतील टाक्यांसाठी वापरले जाणारे असे कितीतरी धागेही जखम भरल्यानंतर शरीरातच जिरून जातात.