लोकसंग्रह आणि खराटा

आजचं वाचन गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला विसावा श्लोक. जनकासारखे लोक कर्म करूनच सिद्धीला पोहोचले, तेव्हा निदान लोकसंग्रहाकडे पाहून तरी कर्म कर, असा त्याचा भाव. मी दर वेळी या लोकसंग्रहापाशी अडतो. लोकांसाठी करायचं हे कळतं, पण नेमकं काय? आमच्या ऑफिसात वर्षातून एकदा स्वयंसेवेची यादी फिरते. एक शनिवार झाडं लावायची, फोटो काढायचे, पुढच्या वर्षी नवी यादी. जन्मभर पुरेल असं काम माणसाला सापडतं कुठे? हा प्रश्न घेऊन मी गाडगेबाबांच्या चरित्राकडे वळलो.

देबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव, घर परिटाचं. देबूजी लहान असतानाच वडील दारूपायी गेले. आई सखुबाई त्यांना घेऊन माहेरी, दापुऱ्याला आली. गुरं राखता राखता देबूजी शेतीत तरबेज झाले. शाळा नाहीच. मामाही निरक्षर, सावकाराच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचता आलं नाही आणि घर कर्जात बुडालं. पुढे पहिल्या मुलीच्या बारशाला देबूजींनी दारू-मटणाची रीत मोडली आणि जातभाईंना गोड जेवण वाढलं. भाऊबंद नाराज झालेच.

हे सगळं १९०५ च्या आधीचं. त्या वर्षी, एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडलं. त्यानंतर पन्नास वर्षं त्यांच्या कीर्तनात काय होतं ते पाहा: दारू सोडा, कर्ज काढून सण-लग्नं करू नका, देवापुढे बकरं कापू नका, पोरांना शाळेत घाला, शिवाशीव पाळू नका. यातलं बहुतेक सगळं त्यांच्या घराला भोवलेलं होतं. विषय शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही. ज्यानं आपलं घर मोडलं, त्यापासून दुसऱ्याचं घर वाचवायचं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण सेवेचं काम निवडताना सहसा आपल्या घरापासून दूर बघतो.

खराट्याचंही तसंच. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि ते गाडगं, जेवायचं त्यातच. गावात शिरायचं ते रस्ते-गटारं झाडतच. सांगायचं नाही, आधी करायचं. गावकरी बघायचे, काही लाजून हात लावायचे. रात्री त्याच गावात कीर्तन, अस्सल वऱ्हाडीत, समोरच्यांना प्रश्न विचारत विचारत. पाया पडू द्यायचे नाहीत.

काम वाढलं तेही गरज डोळ्यांनी बघून. ऋणमोचनला पूर्णेच्या काठी यात्रेकरूंचे हाल, म्हणून १९०८ मध्ये घाटाचं काम. पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्यांना उतरायला जागा नाही, म्हणून चोखामेळा धर्मशाळा. मुंबईत जे. जे. रुग्णालयात गावाकडचा माणूस दाखल झाला की त्याचे नातेवाईक फुटपाथवर, म्हणून तिथेही धर्मशाळा. आमच्या धंद्यात याला रिक्वायरमेंट समजून घेणं म्हणतात, आणि त्यासाठी आम्ही दहा मीटिंगा घेतो. इथे एक निरक्षर माणूस उभा राहून बघत होता, एवढंच.

पण चरित्राचा एक भाग मला सहज गिळता येत नाही. घर सोडलं तेव्हा मागे कुंताबाई होत्या, मुलं होती. लोकांनी दिलेल्या पैशातला पैसाही घरच्यांवर खर्च होऊ द्यायचा नाही, हा बाबांचा कडक नियम. १९२३ मध्ये कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली, आणि कीर्तन थांबलं नाही. वाचताना मी मान झुकवतो, पण त्या रात्री कुंताबाईंजवळ कोण बसलं असेल हा विचार सोडत नाही. माझ्या घरी बायको आहे, चार वर्षांची मुलगी आहे. बाबांसारखं सगळं सोडणं माझ्याच्यानं होणार नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते करायचंही नाही. मात्र ज्याच्याशी आपलं दुःख जोडलेलं आहे तेच काम धरायचं आणि सोडायचं नाही, हे संसारात राहूनही करता येईल असं वाटतं. माझ्या आजोबांच्या आजारपणात आम्ही अकरा रात्री एका दवाखान्याच्या व्हरांड्यात काढल्या होत्या. यादीत हा विषय कधी आला नाही.

बाबांनी जे उभं केलं ते स्वतःच्या नावावर ठेवलं नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. १९५२ मध्ये मिशन स्थापन करून बाकीच्या कामाची व्यवस्था लावली. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर, पेढी नदीच्या पुलापाशी, प्रवासातच गाडगेबाबांनी देह ठेवला.

उद्या याच अध्यायातला एकविसावा श्लोक घेऊ.

राम कृष्ण हरी.