भिऱ्याचं पाणी आणि सेनापती बापट

रोहा-माणगावकडे डोलवहाळच्या कालव्यावर आपण उन्हाळी भात लावतो. ते पाणी भिऱ्याच्या वीजघरातून सुटतं आणि भिऱ्याला ते येतं घाटावरच्या मुळशी धरणातून. या धरणापायी मावळातल्या पन्नासेक गावांच्या भातखाचरांवर पाणी फिरलं. त्या गावांसाठी जो माणूस लढला, त्याचं नाव आज मुंबई-पुण्यातल्या रस्त्यांना आहे. सेनापती ही पदवी कुठल्या फौजेतली नव्हे, मुळशीच्या लढ्यातली आहे.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1880 चा, गाव पारनेर. घरची गरिबी, पण डोकं हुशार. शिष्यवृत्तीवर एडिंबरोला इंजिनिअर व्हायला गेले, तिथे इंग्रज राजवटीविरुद्ध बोलले आणि शिष्यवृत्ती गेली. मग पॅरिसला बॉम्बची विद्या शिकून 1908 ला परत आले. काही वर्षं भूमिगत राहिले, पुढे अटक झाली, 1915 ला सुटले. गावी आल्यावर हातात झाडू घेऊन पारनेरचे रस्ते झाडले.

तेवढ्यात मुळशीचं प्रकरण उभं राहिलं. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटांच्या कंपनीला नीला-मुळा संगमाजवळ धरण बांधायचं होतं. शेतकरी हो म्हणो की नको, 1894 च्या भूसंपादन कायद्याने सरकार कंपनीसाठीसुद्धा जमीन घेऊ शकत होतं. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे बायाबापड्यांसह धरणाच्या कामावर जाऊन बसले. काम काही महिने थांबलं.

मग लढा हरला कुठे? पोलिसांपुढे कमी, पैशापुढे जास्त. बऱ्याच मावळ्यांच्या जमिनी कर्जापायी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या. कागदावर नाव सावकाराचं, नांगर मावळ्याचा. सावकारांना चांगला मोबदला मिळाला की झालं. कसणारा मात्र जमिनीलाही मुकला आणि पैशालाही. आपल्याकडे कुळांची नावं ज्यांनी वेळेत लावून घेतली नाहीत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

सगळे पांगले तरी बापट हटले नाहीत. डिसेंबर 1924 मध्ये त्यांनी रुळांवर दगड रचून धरणाच्या कामाची गाडी अडवली. जवळ हत्यारही होतं. सत्याग्रहात हे बसतं का, यावर तेव्हाही वाद झाला. मला विचाराल तर नाही बसत. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. 1931 ला बाहेर आले तोवर धरण उभं होतं, भिऱ्याचं वीजघरही सुरू झालं होतं. 15 ऑगस्ट 1947 ला पुण्यात त्यांच्याच हस्ते तिरंगा फडकला. 28 नोव्हेंबर 1967 ला ते गेले.

1894 चा कायदा मात्र त्यांच्यामागेही राहिला. 1970 नंतर उरण-पनवेलच्या जमिनी सिडकोसाठी त्याच कायद्याने गेल्या, आणि 1984 ला जासई भागातल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मेले. तो कायदा रद्द झाला 2013 च्या नव्या कायद्याने. आता खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी 80 टक्क्यांची संमती लागते. पण एमआयडीसी जमीन घेते ती 1961 च्या वेगळ्या कायद्याने आणि त्यात ही अट नाही. तेव्हा घरी नोटीस आली तर रक्कम बघण्याआधी वर कायदा कोणता लिहिलाय ते बघा. कलम 32(2) असेल तर ती एमआयडीसीची. हरकत मुदतीतच आणि लेखी द्या, पोच घ्या.