स्मिता पाटील : सावळा चेहरा पडद्यावर आला, माणसं कधी येणार?

१३ डिसेंबर हा स्मिता पाटील यांचा स्मृतिदिन. महापरिनिर्वाण दिनानंतर बरोबर एका आठवड्याने येणारा. १९८६ साली या दिवशी वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी त्या गेल्या. दरवर्षी या सुमाराला त्यांचे मोठ्या डोळ्यांचे छायाचित्र मोबाइलवर फिरते आणि खाली सावळ्या सौंदर्याचे कौतुक असते. कौतुक खोटे नाही. पण आम्ही डहाणू आणि तलासरी तालुक्यांत वारली, कातकरी, मल्हार कोळी आणि बौद्ध तरुण-तरुणींबरोबर काम करतो. इथून पाहिले की स्मिता पाटील यांच्या आयुष्यात कौतुकापलीकडचा एक प्रश्न दिसतो. आपल्यासारख्या दिसणाऱ्या बाईला पडद्यावर जागा मिळाली, पण आपल्याला मिळाली का?

घर आणि जडणघडण

स्मिता पाटील यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला. घर मूळचे खानदेशातले, धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचे. वडील शिवाजीराव गिरधर पाटील स्वातंत्र्यलढ्यात होते, पुढे महाराष्ट्राचे मंत्री झाले. आई विद्याताई समाजकार्यात. राष्ट्र सेवा दलाचे संस्कार लहानपणीच झाले. म्हणजे घर सुशिक्षित होते, राजकारणातले होते आणि पुरोगामी विचारांचे होते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

१९७२ साली मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि काही काळाने स्मिता तिथे मराठी बातम्या वाचू लागल्या. टीव्ही तेव्हा कृष्णधवल होता. कपाळावर ठसठशीत कुंकू, रंगरंगोटी नसलेला चेहरा आणि सरळ नजर हे लोकांच्या लक्षात राहिले. श्याम बेनेगल यांनी त्यांना छोट्या पडद्यावर पाहिले आणि सिनेमात आणले. १९७५ साली ‘चरणदास चोर’ आणि ‘निशांत’ आले.

योगायोग असा, की त्याच १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ हे गोरे करणारे क्रीम भारताच्या बाजारात आले. एका वर्षी एक सावळी मुलगी पडद्यावर आली आणि त्याच वर्षी सावळेपणा हा आजार ठरवून त्यावर औषध विकायला सुरुवात झाली. पुढच्या पन्नास वर्षांत बाजारात कोण जिंकले, हे आपल्या गावातल्या कुठल्याही किराणा दुकानात लटकणाऱ्या छोट्या पाकिटांवरून कळते. २०२० मध्ये कंपनीने नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ केला. पाकीट तिथेच लटकते आहे.

रंगाला काम मिळाले, पण कोणते?

१९७६ च्या ‘मंथन’मध्ये स्मिता पाटील बिंदू झाल्या. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केलेला हा सिनेमा. १९७७ ला ‘भूमिका’ आला, हंसा वाडकर यांच्या आत्मकथेवर आधारलेला. त्यासाठी त्यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या जेमतेम बावीस वर्षांच्या होत्या.

त्याच वर्षीचा ‘जैत रे जैत’ आपल्या भागाला जवळचा. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकर आदिवासींची गोष्ट. स्मिता पाटील यात चिंधी आहेत. नको असलेला नवरा सोडून आपल्या मनाचा माणूस निवडणारी बाई. आदिवासी समाजात बाईला असलेले हे स्वातंत्र्य मराठी पडद्याने तोवर क्वचितच इतक्या सहजपणे दाखवले होते. चिंधी हसते, नाचते, भांडते, हवे ते मागते. ती बिचारी नाही.

तीन वर्षांनी गोविंद निहलानींच्या ‘आक्रोश’मध्ये त्या पुन्हा आदिवासी झाल्या. पण इथली नागी वेगळी आहे. गावातले बलदंड लोक तिच्यावर अत्याचार करतात, तिला मारतात आणि खुनाचा आळ तिच्याच नवऱ्यावर घेतला जातो. नवरा लहान्या भिकू जवळजवळ सबंध सिनेमाभर बोलत नाही. न्यायव्यवस्थेबद्दलचा हा सिनेमा आजही अंगावर येतो. तरी एक गोष्ट पाहायला हवी. लहान्या ओम पुरी, नागी स्मिता पाटील, आदिवासी समाजातून आलेला सरकारी वकील अमरीश पुरी. आदिवासींच्या मौनावरच्या या सिनेमात मुख्य आदिवासी पात्रांपैकी एकही आदिवासी कलावंताच्या वाट्याला आले नाही.

दलित भूमिकांचेही तसेच. केतन मेहता यांच्या ‘भवनी भवाई’त (१९८०) गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधायला लावलेल्या अस्पृश्यांची कथा आहे. पेशवाईचा इतिहास ठाऊक असलेल्या आपल्या वाचकांना ती वेगळी समजावून सांगायला नको. स्मिता पाटील त्यात आहेत. प्रेमचंदांच्या कथेवर सत्यजित राय यांनी १९८१ साली दूरदर्शनसाठी केलेल्या ‘सद्गती’त त्या झुरिया आहेत. ब्राह्मणाच्या दारात उपाशीपोटी लाकूड फोडता फोडता मेलेल्या दुखी चांभाराची बायको. प्रेताला हात लावायलाही कोणी तयार नाही, आणि पावसात ती दारासमोर आक्रोश करते. जातीची क्रूरता भारतीय पडद्यावर इतक्या थेटपणे फार थोड्या वेळा आली आहे.

जयवंत दळवींच्या कादंबरीवरच्या ‘चक्र’मधल्या झोपडपट्टीतल्या बाईने त्यांना दुसरा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. पण झोपडपट्टीत उघड्यावर अंघोळ करण्याचा त्यातला प्रसंग जाहिरातीसाठी वापरला गेला. गरीब बाईला न्हाणीघर नसते, हे वास्तव तिकीट विकण्याचे साधन झाले.

ही यादी सलग वाचली की धागा दिसतो. गोरी नायिका प्रेमात पडते, परदेशात गाणी गाते, लग्न करते. सावळी नायिका शेण काढते, झोपडीत राहते, अत्याचार सोसते. सिनेमाने सावळ्या रंगाला काम दिले, पण त्याला गरिबीचा आणि जातीचा गणवेश करून टाकले.

यात दोष स्मिता पाटील यांचा नव्हता. त्यांनी या बायकांना मान दिला, कणा दिला. प्रश्न दार कोणासाठी उघडले याचा आहे. सावळी असली तरी मंत्र्याची मुलगी त्या दारातून आत गेली. सावळी आणि वारली, सावळी आणि मातंग अशी मुलगी बाहेरच राहिली.

उलट दिशेने गेलेली रोझी

आता याच्या उलट घडलेले पाहा. १९३० च्या सुमारास केरळात ‘विगतकुमारन’ हा पहिला मलयाळम मूकपट दाखवला गेला. त्याची नायिका पी. के. रोझी दलित होती आणि तिने नायर स्त्रीची भूमिका केली होती. प्रेक्षकांतल्या सवर्णांना ते सहन झाले नाही. पडद्यावर दगड आले, तिचे घर जाळले गेले, तिला राज्य सोडून पळावे लागले. पुढचे आयुष्य तिने तमिळनाडूत अनामिक म्हणून काढले.

वरच्या थरातली कलावंत दलित बाई होते तेव्हा पुरस्कार मिळतो. दलित कलावंत वरच्या जातीची बाई होते तेव्हा घर जळते. काळ बदलला, दगड थांबले. पण भूमिका वाटण्याची दिशा फारशी बदललेली नाही. २०१४ च्या ‘मेरी कोम’मध्ये मणिपूरच्या मुष्टियोद्ध्याची भूमिका प्रियांका चोप्रा यांनी केली. २०१९ च्या ‘बाला’मध्ये काळ्या रंगामुळे हिणवल्या जाणाऱ्या मुलीसाठी भूमी पेडणेकर यांचा चेहरा रंगवून काळा केला गेला. सावळ्या मुली देशात कमी होत्या काय?

रंग, वर्ण आणि बाबासाहेब

आपल्या चळवळीतही एक घाईचे समीकरण ऐकू येते, की गोरे ते आर्य आणि काळे ते आपण. बाबासाहेबांनी हे मान्य केले नव्हते. ‘शूद्र पूर्वी कोण होते’ (१९४६) या ग्रंथात त्यांनी आर्य वंशाच्या आक्रमणाचा सिद्धांत तपासून नाकारला, आणि वर्ण म्हणजे कातडीचा रंग हा अर्थही. अस्पृश्यांच्या मुळाविषयीच्या १९४८ च्या ग्रंथात नाकाच्या मोजमापांची आकडेवारी घेऊन त्यांनी दाखवले, की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळे वंश नाहीत. त्याच्या कितीतरी आधी वासेट्ठ सुत्तात भगवान बुद्धांनी सांगितले होते, की झाडे-प्राणी यांच्यात जन्माने जाती वेगळ्या दिसतात, तसा भेद माणसांच्या शरीरात नाही.

म्हणजे रंगावरून जात ओळखता येत नाही. डहाणूतच पाहा. चिकूच्या वाड्यांचे पारशी-इराणी, गुजराती व्यापारी, मांगेला मच्छीमार, वारली, कातकरी, धोडिया, दुबळा, बौद्ध हे सगळे एका बाजारात भेटतात आणि प्रत्येक समाजात सगळ्या छटा आहेत. रंगाला जातीचा अर्थ चिकटवणारी यंत्रे बाहेर आहेत, आणि सिनेमा हे त्यातले सर्वांत प्रभावी यंत्र आहे.

शेवटची वर्षे

१९८२ साल स्मिता पाटील यांच्या आयुष्यात दोन टोकांचे होते. एकीकडे ‘नमक हलाल’मध्ये अमिताभ बच्चन यांच्याबरोबरचे पावसातले गाणे, ज्याबद्दल त्या अस्वस्थ होत्या हे सर्वश्रुत आहे. दुसरीकडे ‘उंबरठा’. समाजकार्याचे शिक्षण घेऊन स्त्रियांच्या सुधारगृहाची जबाबदारी घेणारी आणि त्यासाठी घराचा उंबरठा ओलांडणारी सुलभा महाजन. आमच्या पेशातल्या अनेकींना ती आजही जवळची वाटते. पडद्याबाहेरही स्मिता पाटील मुंबईतल्या विमेन्स सेंटरशी जोडलेल्या होत्या. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २८ नोव्हेंबर १९८६ रोजी मुलाचा जन्म झाला आणि प्रसूतीनंतरच्या गुंतागुंतीने १३ डिसेंबरला त्यांचा मृत्यू झाला. मिरचीच्या कारखान्यात सुभेदाराच्या सत्तेला नकार देणारी ‘मिर्च मसाला’तली सोनबाई प्रेक्षकांनी पाहिली, ती त्यांच्या मृत्यूनंतर.

आता आपण काय करायचे?

स्मिता पाटील यांच्यानंतरचे खरे पाऊल नागराज मंजुळे यांनी टाकले. ‘फँड्री’त (२०१३) गावातला पोरगा सोमनाथ अवघडे जब्या झाला. गोऱ्या शालूसाठी काळ्या चिमणीमागे धावणारा कैकाडी मुलगा. रंगाची ही भूल आपल्याच मनात कशी शिरते, हे त्यात आहे. आणि कॅमेऱ्यामागे उभा असलेला माणूसही आपल्यातला आहे.

डहाणू रोडहून चर्चगेटला लोकल जाते. अंतर सव्वाशे किलोमीटर. मायानगरी इतकी जवळ असूनही इथल्या मुलींना तिथून येतात ती पाकिटे, तिथून येत नाही ती भूमिका. दुकानात सहज मिळणाऱ्या स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी कातडी पातळ होते, पुरळ उठतात, डाग कायमचे राहतात. तरी लग्न ठरायच्या आधी ती लावली जातात. आणि हे फक्त बाहेरच्यांचे पाप नाही. आपल्या बौद्ध वधू-वर मेळाव्यांच्या परिचयपत्रकात रंगाचा रकाना अजून असतो. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. पंचशील घेऊन उठलेला माणूस तो रकाना भरतो. तो रकाना काढून टाकायला कुठल्या निर्मात्याची परवानगी लागत नाही.

दुसरे काम कॅमेऱ्याचे. १९४५ साली याच तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी वेठबिगारी आणि लग्नगडी पद्धत झुगारून दिली. त्या उठावातल्या बायका पडद्यावर कोण साकारणार? आमचे उत्तर ठरलेले आहे. त्यांच्या नातींनी साकाराव्यात, त्यांनीच लिहाव्यात आणि चित्रितही कराव्यात. मोबाइल आज प्रत्येक पाड्यावर आहे. लघुपटाची कार्यशाळा जयंतीच्या वर्गणीतल्या थोड्या पैशांत होते. डीजेचा एक दिवस कमी केला तरी पुरे.

वारली चित्रात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने माणसे काढतात. दोन त्रिकोण, चार रेषा. कोणाच्याच कातडीचा रंग वेगळा नसतो. इतकी समतेची नजर ज्या भिंतींवर पिढ्यान्‌पिढ्या आहे, तिथल्या मुलीला आपण गोरे व्हावे असे वाटू नये. स्मिता पाटील यांनी सावळ्या चेहऱ्यासाठी दार ढकलून उघडले. त्या दारातून आत जायचे काम आपल्याकडे आहे.

जय भीम, नमो बुद्धाय.