छत्तीस विरुद्ध चौतीस : गोपीनाथ बार्दोलोईंचा आसाम

हिंदुस्थानच्या भावी घटनेसंबंधी ब्रिटिश मंत्रिमंडळाच्या शिष्टमंडळाने १६ मे १९४६ रोजी जे निवेदन प्रसिद्ध केले, त्यात जागावाटपाचा एक लहानसा तक्ता होता. बंगाल आणि आसाम हे दोन प्रांत 'क' विभागात एकत्र घातलेले होते. साधारणतः दर दहा लाख लोकांमागे घटना समितीत एक प्रतिनिधी, या हिशेबाने बंगालला ६० आणि आसामला १० जागा दिलेल्या होत्या. बंगालच्या साठांपैकी ३३ मुस्लिम व २७ सर्वसाधारण. आसामच्या दहांपैकी ३ मुस्लिम व ७ सर्वसाधारण. बेरीज ३६ विरुद्ध ३४. देशातील बहुतेक वाचकांनी हा तक्ता ओलांडून पुढचा मजकूर वाचला असेल. आसामच्या मुख्यमंत्र्यांना मात्र त्या दोन जागांच्या फरकात आपला अवघा प्रांत बुडताना दिसला. गोपीनाथ बार्दोलोई यांच्या राजकीय आयुष्याचा अर्थ लावायचा तर तो या तक्त्यापासूनच लावावा लागतो.

बार्दोलोईंचा जन्म ६ जून १८९० रोजी नौगाव जिल्ह्यातील राहा या गावी झाला. गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात आणि पुढे कलकत्त्याच्या स्कॉटिश चर्च कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. १९१४ साली इतिहास विषय घेऊन ते कलकत्ता विद्यापीठाचे एम. ए. झाले. कायद्याचा अभ्यास, काही काळ सोनाराम हायस्कूलचे मुख्याध्यापकपद आणि १९१७ पासून गुवाहाटीत वकिली, असा त्या काळच्या सुशिक्षित मध्यमवर्गीयाचा नेहमीचा मार्ग त्यांनी चोखाळला. असहकाराच्या चळवळीत उडी घेतल्याबद्दल १९२२ साली त्यांना एक वर्षाचा तुरुंगवास झाला. पुढे पुन्हा वकिली आणि १९३२ साली गुवाहाटी नगरपालिकेचे अध्यक्षपद. वक्तृत्व किंवा पांडित्य यांसाठी त्यांची ख्याती नव्हती. गांधीजींवर निष्ठा असलेला, सावध प्रकृतीचा आणि चिवट माणूस, असेच त्यांचे वर्णन करावे लागेल.

ज्या प्रांताचे राजकारण त्यांच्या वाट्याला आले तो प्रांतच मुळी शासनाच्या सोयीसाठी जुळविलेला होता. १८७४ साली आसाम बंगालपासून वेगळा काढण्यात आला, तेव्हा त्याचा महसूल अपुरा पडतो म्हणून सिल्हेट हा दाट वस्तीचा बंगाली जिल्हा त्याला जोडून देण्यात आला. त्यामुळे ब्रह्मपुत्रेचे खोरे असमियाभाषी, सुरमेचे खोरे बंगालीभाषी आणि दोहोंच्या मध्ये व सभोवती खासी, गारो, मिकीर, लुशाई, नागा यांचे डोंगर, अशी विलक्षण रचना झाली. त्यात चहाच्या मळ्यांसाठी छोटा नागपूरकडून आणलेले लक्षावधी मजूर आले. विसाव्या शतकाच्या आरंभापासून पूर्व बंगालमधील, विशेषतः मैमनसिंह जिल्ह्यातील, भूमिहीन शेतकरी नदीकाठच्या पडीक जमिनींवर येऊन वसू लागले. सरकारला शेतसारा हवा होता आणि या लोकांना जमीन हवी होती. स्थानिक लोकांची कुरकुर वाढली, तेव्हा १९२० च्या सुमारास 'लाइन पद्धत' निघाली. नकाशावर रेषा ओढावयाची आणि नवागतांनी तिच्या अलीकडेच राहावयाचे! रेषा कागदावर राहिली आणि वस्ती पुढे सरकत गेली. १९३१ च्या शिरगणतीचे आसाममधील अधीक्षक मुलन यांनी आपल्या अहवालात या स्थलांतराचे वर्णन लष्करी आक्रमणाच्या परिभाषेत केले. शिवसागर हा एकच जिल्हा पुढे असमिया माणसाला आपला म्हणता येईल, असे भाकीतही त्यांनी करून ठेवले. शिरगणतीच्या अधिकाऱ्याने आकडे द्यावेत, भीती देऊ नये. परंतु सरकारी शिक्का बसलेली ही भीती त्यानंतर आसामच्या प्रत्येक राजकीय भाषणात उतरली.

१९३७ च्या निवडणुकीनंतर सर महंमद सादुल्ला यांचे मंत्रिमंडळ आले. ते पडल्यावर सप्टेंबर १९३८ मध्ये बार्दोलोईंनी संमिश्र मंत्रिमंडळ बनविले. काँग्रेसने इतरांशी हातमिळवणी करून सत्ता घ्यावी की नाही, यावर श्रेष्ठींत मतभेद होते. मौलाना आझादांचा विरोध होता, तर काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषबाबू अनुकूल होते. जेमतेम चौदा महिन्यांच्या त्या कारकिर्दीतील एक गोष्ट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे. युरोपीय मळेवाल्यांच्या दबदब्याला न जुमानता १९३९ साली आसामने शेती उत्पन्नावरील कराचा कायदा केला आणि चहाच्या नफ्याचा काही अंश प्रांताच्या तिजोरीत येऊ लागला. युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसने राजीनामे दिले तेव्हा बार्दोलोईही पायउतार झाले आणि सादुल्ला परत आले. सादुल्ला स्वतः गुवाहाटीचे, असमिया मुसलमान. जुने असमिया मुसलमान, सिल्हेटचे जमीनदार व वकील आणि मैमनसिंहहून आलेला कर्जबाजारी कुणबी या तिघांचे हितसंबंध एक नव्हते. शिरगणतीच्या तक्त्यात मात्र त्यांचा रकाना एकच होता.

रकाने बदलले की समाज कसा बदललेला दिसतो, हे १९४१ च्या शिरगणतीने दाखवून दिले. आधीच्या मोजणीत आदिवासींपैकी पुष्कळजण हिंदू म्हणून नोंदले गेले होते. या खेपेस धर्माऐवजी जमातीनुसार नोंद करण्याचे धोरण ठरले. परिणामी, कोणी मेले नाही, कोणी धर्मांतर केले नाही, तरी आसामातील हिंदूंची संख्या एकाएकी घसरली आणि आदिवासींची जवळजवळ एक चतुर्थांशावर गेली. सादुल्लांच्या विरोधकांना यात डाव दिसला. वास्तविक हे धोरण अखिल भारतीय होते आणि आदिवासींची स्वतंत्र नोंद तत्त्वतः चूकही नव्हती. परंतु ज्या प्रांतात प्रत्येक जागा जातीय प्रमाणावर ठरते, तेथे नोंदवहीचा मथळा बदलणे हीदेखील राजकीय कृतीच ठरते.

याच १९४१ च्या आकड्यांवर कॅबिनेट मिशनचा तक्ता उभा होता. आसामची लोकसंख्या १ कोटी २ लाख. तीत मुसलमान सुमारे ३४ लाख, म्हणजे तिसरा हिस्सा. उरलेले ६७ लाखांहून अधिक सगळे एका 'सर्वसाधारण' रकान्यात. शिरगणतीने नुकताच वेगळा काढलेला आदिवासी येथे पुन्हा नाहीसा झाला. त्याहून गंभीर गोष्ट ही की, प्रांताची घटना प्रांताने ठरवावयाची नसून विभागाने बहुमताने ठरवावयाची होती. प्रांताला बाहेर पडण्याची मुभा होती. पण नव्या घटनेखाली पहिली निवडणूक झाल्यानंतर. आता मतदारसंघ व मताधिकार ठरविणार तेच ३६ जणांचे बहुमत, तर ती निवडणूक आसामला बाहेर पडू देणारी होईल याची हमी कोणी द्यावी? बार्दोलोईंचा हा युक्तिवाद साधा होता आणि तो अखेरपर्यंत कोणाला खोडता आला नाही.

१९४६ च्या आरंभी झालेल्या निवडणुकीत १०८ पैकी ५८ जागा जिंकून ते पुन्हा मुख्यमंत्री, त्या वेळच्या भाषेत प्रांताचे पंतप्रधान, झाले होते. जुलैमध्ये विधानसभेने ठराव करून आपल्या दहा प्रतिनिधींना बंगालबरोबर विभागात बसून आसामची घटना करण्यास मज्जाव केला. येथून त्यांची खरी कसोटी लागली, कारण विरोध फक्त लीगचा नव्हता. योजना मोडू नये म्हणून काँग्रेसचे श्रेष्ठीही आसामने थोडे नमते घ्यावे अशा मनःस्थितीत होते. ६ डिसेंबर १९४६ रोजी ब्रिटिश सरकारने विभागातील निर्णय साध्या बहुमतानेच होतील असा खुलासा केला, तेव्हा कोंडी पुरी झाली. आसामचे दोन प्रतिनिधी नोआखालीत गांधीजींना भेटले. काँग्रेसची आज्ञा झाली तरी आसामने विभागात जाऊ नये, असा सल्ला गांधीजींनी दिला. त्या बळावर बार्दोलोई अढळ राहिले. एका सीमावर्ती, गरीब, दहा जागांच्या प्रांताने अखिल भारतीय तडजोडीला दिलेला हा नकार होता. यामुळे फाळणी ओढवली असा आरोप काहींनी केला. तो मला पटत नाही. आसाम गमावून जी टिकली असती ती तडजोड नव्हती, तर केवळ लांबणीवर टाकलेली फाळणी होती.

परंतु ज्या माणसाने एका तक्त्याला नकार दिला, त्याच्या सरकारला दुसरा तक्ता सोयीचा वाटला, हेही नमूद केले पाहिजे. जुलै १९४७ च्या ६ व ७ तारखांना सिल्हेटमध्ये सार्वमत झाले. पूर्व बंगालात जाण्याच्या बाजूने २,३९,६१९ आणि आसामात राहण्याच्या बाजूने १,८४,०४१ मते पडली. चहामळ्यांतील मजुरांना त्यात मत नव्हते. करीमगंजचा काही भाग वगळता जिल्हा पाकिस्तानात गेला. सिल्हेट राखण्यासाठी असमिया नेत्यांनी जिवाचे रान केले असे कोणी म्हणणार नाही. तो जिल्हा गेल्याने आसामातील मुस्लिमांचे प्रमाण तिसऱ्या हिश्श्यावरून पाव हिश्श्याच्याही खाली आले आणि बंगालीभाषकांचे पारडे हलके झाले. हिशेब बरोबर सुटला. पण त्या हिशेबात मूळचा सिल्हेटचा हिंदू बेघर झाला.

याच सुमारास बार्दोलोई ज्या कामात गुंतले होते ते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोलाचे काम होय, असे मी मानतो. ईशान्य सीमेवरील आदिवासी प्रदेशांसंबंधी घटना समितीने नेमलेल्या उपसमितीचे ते अध्यक्ष होते. खासी नेते रेव्हरंड निकल्स-रॉय, रूपनाथ ब्रह्म आणि आपल्या पुण्याच्या भारत सेवक समाजाचे ठक्कर बाप्पा हे तिचे सदस्य होते. डोंगराळ प्रदेशात फिरून समितीने जुलै १९४७ मध्ये अहवाल दिला आणि त्यातून घटनेची सहावी अनुसूची निघाली. जमीन, राखीव नसलेले जंगल, फिरती शेती, वारसा, विवाह, गावची न्यायपद्धती यांवर निवडून आलेल्या जिल्हा परिषदांचा अधिकार. बाहेरच्या सावकारावर व व्यापाऱ्यावर नियंत्रण. ह्या रचनेचे मर्म असे की, येथे हक्क टक्केवारीवर अवलंबून नव्हता. प्रांताच्या विधानसभेत गारो किती आणि मिकीर किती हे मोजून त्यांना जमीन द्यावयाची नव्हती. ती त्यांची होतीच. सप्टेंबर १९४९ मध्ये घटना समितीत आसामच्याच कुलधर चलिहा व रोहिणीकुमार चौधरी यांनी याला कडाडून विरोध केला. डॉ. आंबेडकर आणि निकल्स-रॉय यांच्याबरोबर बार्दोलोईंनी तिचे समर्थन केले. आपल्याच भाषकांची नाराजी पत्करून त्यांनी हे केले. त्यांचे जुने प्रतिस्पर्धी सादुल्ला त्याच वेळी मसुदा समितीचे सदस्य होते, हा इतिहासाचा एक योगायोग. सखल प्रदेशातील आदिवासींसाठी त्यांच्या सरकारने १९४७ साली जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती करून राखीव पट्टे निर्माण केले, तेही याच विचाराने.

अखेरची तीन वर्षे मात्र त्यांना पुन्हा आकड्यांनीच घेरले. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत होते. नेहरूंना वाटे, आसाम हात आखडता घेतो. बार्दोलोईंना वाटे, जमीन शिल्लक नाही हे दिल्लीला कळत नाही. दोघांच्या पत्रव्यवहारात कटुता आली. या वादात न्याय कोणत्याही एका बाजूला घालणे कठीण आहे. भूमिहीन असमिया व आदिवासी शेतकऱ्यांचा दावा खोटा नव्हता. परंतु ज्यांना सार्वमताने परके केले त्यांच्यासाठी दार अर्धवट उघडे ठेवणे हेही शोभणारे नव्हते. त्याच धकाधकीत गुवाहाटीचे विद्यापीठ व उच्च न्यायालय आणि दिब्रुगडचे वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. त्यांना 'लोकप्रिय' ही उपाधी मिळाली. भारतरत्न मात्र १९९९ साली, मृत्यूनंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने मिळाले.

५ ऑगस्ट १९५० रोजी बार्दोलोईंचे निधन झाले. दहा दिवसांनी आसाम भयंकर भूकंपाने हादरला आणि सहा महिन्यांनी, फेब्रुवारी १९५१ मध्ये, शिरगणती झाली. १९३१ साली असमियाभाषक सुमारे २० लाख होते, ते आता जवळजवळ ५० लाख भरले. वीस वर्षांत अडीचपट! मैमनसिंहहून आलेल्या शेतकऱ्यांनी मोठ्या संख्येने आपली मातृभाषा असमिया म्हणून नोंदविली होती. ज्यांच्या येण्याने भाषा बुडेल असे भाकीत होते, त्यांच्याच नोंदींनी तिला बहुमत मिळवून दिले. २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण ४८ टक्क्यांपर्यंत खाली आले. त्या १९५१ च्या मोजणीबरोबरच गावोगाव नागरिकांची एक नोंदवहीही तयार करण्यात आली होती. पुढे ती अद्ययावत करण्याचे काम निघाले, तेव्हा आजोबांचे नाव त्या जुन्या पानांवर सापडते का हे पाहण्यासाठी लोकांनी सेवाकेंद्रांपुढे रांगा लावल्या. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या यादीत १९,०६,६५७ अर्जदारांची नावे नव्हती.