नील्स रायबर्ग फिन्सेन

नील्स रायबर्ग फिन्सेन (१५ डिसेंबर १८६०, तोर्सहाव्न, फेरो द्वीपसमूह – २४ सप्टेंबर १९०४, कोपनहेगन, डेन्मार्क) हे डॅनिश वैद्य व संशोधक होते. सूर्यप्रकाशाचे त्वचेवर होणारे परिणाम त्यांनी प्रयोगांनी तपासले आणि एकवटलेल्या प्रकाशाने त्वचेचा क्षयरोग बरा करण्याची पद्धती विकसित केली. या कार्यासाठी त्यांना १९०३ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आधुनिक प्रकाशोपचाराचे ते जनक मानले जातात. उन्हाने त्वचा का भाजते आणि तिचे रक्षण कशाने होते, याविषयीचे त्यांचे निष्कर्ष सूर्यरोधक मलमांच्या इतिहासातही महत्त्वाचे आहेत.

बालपण व शिक्षण

फिन्सेन यांचे घराणे मूळचे आइसलँडचे. वडील हॅनेस फिन्सेन हे फेरो द्वीपसमूहात डॅनिश शासनाचे अधिकारी होते व पुढे तेथील प्रमुख प्रशासक झाले. नील्स चार वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले. प्राथमिक शिक्षण तोर्सहाव्न येथे झाल्यावर १८७४ मध्ये त्यांना डेन्मार्कमधील हेर्लुफ्सहोल्म या निवासी शाळेत पाठविण्यात आले. तेथे त्यांची प्रगती निराशाजनक ठरली; मुलगा मनाने चांगला असला तरी बुद्धीने व उत्साहाने मंद आहे, असा मुख्याध्यापकांचा अभिप्राय होता. १८७६ मध्ये वडिलांनी त्यांना स्वतः शिकलेल्या रेक्याविक येथील शाळेत घातले. आइसलँडिक भाषेतून शिकून ते १८८२ मध्ये तेथून उत्तीर्ण झाले. पंधरा विद्यार्थ्यांत त्यांचा क्रमांक अकरावा होता.

त्याच वर्षी ते वैद्यकशास्त्राच्या अभ्यासासाठी कोपनहेगन विद्यापीठात दाखल झाले आणि १८९० मध्ये पदवीधर झाले. त्यानंतर त्याच विद्यापीठात शरीररचनाशास्त्राच्या विभागात शवविच्छेदनाची पूर्वतयारी करणारे साहाय्यक म्हणून त्यांनी सुमारे तीन वर्षे काम केले. १८९३ मध्ये संशोधनाला पूर्ण वेळ देता यावा म्हणून त्यांनी ही नोकरी सोडली. खासगी शिकवण्या हाच तेव्हा त्यांच्या उपजीविकेचा आधार होता. १८९२ च्या अखेरीस त्यांचा विवाह रिबे येथील बिशपची कन्या इंगेबोर्ग बाल्स्लेव यांच्याशी झाला होता.

आजार आणि प्रकाशाची ओढ

विद्यार्थिदशेतच, १८८३ च्या सुमारास, फिन्सेन यांना एका दुर्धर विकाराने ग्रासले. यकृत, हृदय व प्लीहा यांच्यावरील आवरणे हळूहळू जाड होत जाऊन पोटात पाणी साठणे, अशक्तपणा व रक्तक्षय ही लक्षणे वाढत गेली. कोपनहेगनमधील त्यांची खोली उत्तराभिमुख होती व तीत ऊन येत नसे. उन्हात बसल्यावर आपल्याला बरे वाटते, हे त्यांच्या ध्यानात आले. छपरावर ऊन खात पडलेले मांजर सावली सरकताच पुन्हा उन्हाकडे सरकते, हेही त्यांनी पाहिले. प्रकाशाचा सजीवांवर काही निश्चित परिणाम होत असला पाहिजे, हा विचार त्यांच्या मनात येथून रुजला. प्रकाशाविषयीचे बहुतेक समकालीन वैद्यकीय लेखन त्यांना अनुमानांवर आधारलेले वाटले. म्हणून त्यांनी प्रयोगांचा मार्ग धरला.

त्वचा व सूर्यप्रकाश यांविषयीचे प्रयोग

सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे व रासायनिक क्रिया घडविणारे किरण असतात, हे योहान विल्हेल्म रिटर यांनी १८०१ मध्येच दाखविले होते. हेच आजचे अतिनील किरण होत. तरीही उन्हाने त्वचा भाजते ती उष्णतेमुळे, हा समज दीर्घकाळ टिकून होता. १८८९ मध्ये स्वीडनचे एरिक योहान विडमार्क यांनी हा दाह मुख्यतः अतिनील किरणांमुळे होतो, असे प्रयोगाने सिद्ध केले. फिन्सेन यांनी विडमार्क यांचे काम पुढे नेले.

१८९३ मध्ये त्यांनी प्रकाशाच्या त्वचेवरील परिणामांविषयी निबंध प्रसिद्ध केला. त्यातील एक प्रयोग त्यांनी स्वतःच्याच हातावर केला होता. त्यांनी हाताच्या काही भागावर काळ्या शाईचा पट्टा रंगविला आणि हात सुमारे तीन तास कडक उन्हात धरला. शाई धुतल्यावर पट्ट्याखालची त्वचा पूर्ववत पांढरी दिसली. दोन्ही बाजूंची उघडी त्वचा मात्र काही तासांतच लाल होऊन सुजली. दाह ओसरल्यावर ती तपकिरी झाली. मग त्यांनी तोच हात शाई न लावता पुन्हा उन्हात धरला. या वेळी पूर्वी झाकलेला पांढरा पट्टा भाजून लाल झाला, तर तपकिरी झालेल्या भागाला फारसे काही झाले नाही.

या साध्या प्रयोगातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. त्वचेवरील बाहेरचा थर किरण अडवू शकतो, ही पहिली. आणि उन्हामुळे त्वचेत वाढणारे रंगद्रव्य हे शरीराने स्वतःच उभारलेले संरक्षण आहे, ही दुसरी. काळी शाई उष्णता अधिक शोषून घेते. दाह उष्णतेने होत असता तर शाईखालची त्वचाच अधिक भाजायला हवी होती. म्हणून दाहाचे कारण उष्णता नव्हे, हेही या प्रयोगाने दाखविले.

देवीच्या रोग्यांसाठी लाल प्रकाश

किरण अपायकारक असतील तर ते अडविल्याने रोग्याला लाभ होईल, या तर्काने फिन्सेन यांनी १८९३ मध्ये देवीच्या रोग्यांना लाल काचा किंवा लाल पडदे लावलेल्या खोलीत ठेवण्याची सूचना केली. लाल काचेतून रासायनिक किरण आत येत नाहीत. त्यामुळे फोडांत पू होणे व पुढे व्रण राहणे टळेल, अशी त्यांची अपेक्षा होती. नॉर्वेतील बर्गेन येथील डॉक्टरांनी लगेच हा उपाय करून पाहिला व अनुकूल अनुभव कळविला. तथापि नंतरच्या परीक्षणांत त्याचा निश्चित उपयोग आढळला नाही आणि ही पद्धत मागे पडली.

त्वचेच्या क्षयरोगावरील उपचार

हेच किरण रोगजंतूंचा नाश करतात, हे ब्रिटिश संशोधक डाउन्स व ब्लंट यांनी १८७७ मध्ये दाखविले होते. फिन्सेन यांनी या गुणाचा उपयोग ल्युपस व्हल्गॅरिस म्हणजे त्वचेच्या क्षयरोगावर करण्याचे ठरविले. हा रोग बहुधा चेहऱ्यावर होई व नाक, ओठ, गाल हळूहळू खाऊन टाकी. रोगी विद्रूप होत, लोक त्यांना टाळत आणि त्यांचा रोजगारही जाई. शस्त्रक्रिया करणे किंवा डाग देणे याखेरीज फारसा उपाय नव्हता व त्यानेही रोग उलटत असे.

नोव्हेंबर १८९५ मध्ये कोपनहेगनच्या वीज कंपनीतील एका अभियंत्यावर फिन्सेन यांनी पहिला उपचार केला. अनेक वर्षे इतर उपायांना दाद न दिलेला त्याचा रोग काही महिन्यांत आटोक्यात आला. सूर्यप्रकाश डेन्मार्कमध्ये बेभरवशाचा असल्याने कार्बनच्या विद्युत् प्रज्योतीचा दिवा वापरला जाई. त्याचा प्रकाश क्वार्ट्झच्या भिंगांनी एकवटला जाई, कारण साधी काच अतिनील किरण मोठ्या प्रमाणात अडविते. उष्णतेने त्वचा भाजू नये म्हणून वाटेत थंड पाण्याची योजना असे. रक्त हे किरण शोषून घेते, हे फिन्सेन यांनी प्रयोगांनी ताडले होते. म्हणून परिचारिका क्वार्ट्झची चकती रोगट जागेवर दाबून धरी व तेथील रक्त बाजूला सारी. एका मोठ्या दिव्यावर चार रोग्यांना एकाच वेळी उपचार घेता येत. एका बैठकीला सुमारे तास लागे आणि तेवढ्यात नाण्याएवढ्याच जागेवर उपचार होई. त्यामुळे संपूर्ण चेहरा बरा होण्यास अनेक महिने लागत.

१८९६ मध्ये देणगीदार व शासन यांच्या साहाय्याने कोपनहेगन येथे फिन्सेन वैद्यकीय प्रकाश संस्था स्थापन झाली व फिन्सेन तिचे पहिले संचालक झाले. पहिल्या पाच-सहा वर्षांत येथे त्वचेच्या क्षयाच्या सुमारे ८०० रोग्यांवर उपचार झाले व त्यांपैकी बहुसंख्य रोग्यांना गुण आला. जन्माने डॅनिश असलेल्या ब्रिटनच्या अलेक्झांड्रा यांच्या पुढाकाराने १९०० मध्ये लंडन हॉस्पिटलमध्ये असा दिवा बसविण्यात आला. पुढे युरोप-अमेरिकेत अनेक ठिकाणी अशी केंद्रे निघाली.

अखेरची वर्षे

संस्थेची कीर्ती वाढत असताना फिन्सेन यांची प्रकृती ढासळत होती. पोटातील पाणी वारंवार काढावे लागे व शेवटची वर्षे त्यांनी चाकांच्या खुर्चीत घालविली. १९०३ चे नोबेल पारितोषिक स्वीकारण्यासाठी ते स्टॉकहोमला जाऊ शकले नाहीत. पारितोषिकाच्या रकमेचा मोठा भाग त्यांनी रुग्णसेवेच्या संस्थांना दिला. आजारपणातही त्यांनी स्वतःच्या आहाराच्या व शरीरातील द्रवाच्या काटेकोर नोंदी ठेवल्या होत्या. शरीरात मीठ साठण्याविषयीचा त्यांचा १९०४ मधील अखेरचा निबंध या नोंदींवर आधारलेला आहे. त्याच वर्षी वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन व वारसा

क्षयरोगावर प्रभावी औषधे आल्यानंतर विसाव्या शतकाच्या मध्यास फिन्सेन यांचा दिवा वापरातून गेला. त्यांच्या दिव्यातून अतिशय लघू तरंगलांबीचे किरण रोग्यापर्यंत जवळजवळ पोहोचतच नव्हते, असे डॅनिश संशोधकांनी २००५ मध्ये दाखविले. क्षयजंतूंमधील पॉर्फिरिन ही द्रव्ये दीर्घ तरंगलांबीच्या प्रकाशाने उत्तेजित होऊन जंतू मरत असावेत, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. म्हणजे उपचार खरा होता, परंतु त्याचे कारण फिन्सेन समजत होते त्याहून वेगळे होते.

त्यांच्या यशाने सूर्यस्नानाची आवड वाढण्यास हातभार लागला. मात्र अतिनील किरणांमुळे प्राण्यांच्या त्वचेत कर्करोग उद्भवतो, असे १९२८ मध्ये इंग्लंडमधील फिंडले यांच्या प्रयोगांतून दिसून आले आणि संरक्षणाचा प्रश्न अधिक गंभीर झाला. फिन्सेन यांच्या हातावरील शाईच्या पट्ट्याने जे काम केले, तेच काम पारदर्शक मलमाने करवून घेण्याचे प्रयत्न पुढे झाले. १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये ऑयझेन श्युलेर यांच्या कंपनीने सूर्यरोधक तेल बाजारात आणले. उघड्या व झाकलेल्या त्वचेवरील दाहाची तुलना हेच आजच्या सूर्यरक्षण घटकाच्या अर्थात एसपीएफच्या मापनाचेही तत्त्व आहे. हा घटक १९७० च्या दशकात ऑस्ट्रियाचे फ्रान्झ ग्राइटर यांनी रूढ केला. अमेरिकेत अशा मलमांची गणना औषधांत होते व तेथील अन्न व औषध प्रशासनाने १९७८ पासून त्यांच्यासाठी नियम आखण्यास आरंभ केला. युरोपीय संघात व भारतात ती सौंदर्यप्रसाधनांत मोडतात.

कोपनहेगनमध्ये फिन्सेन यांच्या स्मरणार्थ शिल्पकार रुडॉल्फ टेग्नर यांनी घडविलेले, प्रकाशाकडे झेपावणाऱ्या मानवाकृतींचे शिल्प उभे आहे. तोर्सहाव्न येथील एका रस्त्याला व चंद्रावरील एका विवराला त्यांचे नाव देण्यात आले आहे.