ओळख विस्मरणात गेलेल्यांची : बचावपटू जर्नेलसिंग (१९३६–२०००)



मस्कतमध्ये वाढणाऱ्या आपल्या मुलांना क्रिकेटइतकेच, किंबहुना काकणभर जास्तच, फुटबॉलचे वेड असते. सुट्टीच्या दिवशी ऊन उतरले की कुरुमच्या किनाऱ्यावर ओमानी मुलांच्या जोडीने आपलीही मुले चेंडूमागे धावताना दिसतात. ओमानचा गोलरक्षक अली अल हब्सी २००३ साली नॉर्वेला गेला, पुढे इंग्लंडमध्ये बोल्टन आणि विगन या क्लबांकडून खेळला, हे त्यांना तोंडपाठ असते. पण आपल्या देशात असे कोणी झाले का, असे मुलांनी विचारले की आम्ही पालक मंडळी जरा चाचरतोच. म्हणून या वेळी आम्ही ओळख करून देत आहोत ती भारताचे महान बचावपटू जर्नेलसिंग धिल्लाँ यांची.

जर्नेलसिंग यांचा जन्म २० फेब्रुवारी १९३६ चा. त्यांचे कुटुंब लायलपूर भागातले, म्हणजे आजच्या पाकिस्तानातील फैसलाबादकडचे. १९४७ साली फाळणी झाली तेव्हा ते अवघे अकरा वर्षांचे होते. घरदार, शेतीवाडी सोडून जीव मुठीत धरून हे कुटुंब अलीकडे आले आणि होशियारपूर जिल्ह्यातील पनाम या गावी स्थिरावले. आपण नोकरीसाठी स्वतःहून देश सोडला, तेव्हा परत जाण्याची वाट उघडी ठेवून सोडला. त्या मुलाला मात्र परतीची वाट नव्हती.

जवळच्याच माहिलपूर येथील खालसा कॉलेजात त्यांच्या खेळाला वळण लागले. माहिलपूर हे गाव आजही पंजाबातील फुटबॉलचे माहेरघर समजले जाते. त्या काळी भारतात फुटबॉल खेळून नाव काढायचे तर कलकत्त्याला जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. जर्नेलसिंगही गेले. आधी राजस्थान क्लब आणि १९५९ पासून मोहन बागान. भाषा वेगळी, जेवण वेगळे, हवा दमट, आणि घर हजारेक मैलांवर! कागदोपत्री सगळे खेळाडू हौशी. हातात मोठे करार नव्हते, परदेशी क्लबांचे दलाल दारात येत नव्हते. तरीही जवळजवळ दहा वर्षे ते त्याच क्लबशी एकनिष्ठ राहिले. या काळात मोहन बागानने कलकत्ता लीग अनेकदा जिंकली आणि १९६३, १९६४ व १९६५ असा सलग तीन वर्षे ड्युरँड कपही पटकावला. परक्या पंजाबी तरुणाला कलकत्त्याच्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले. घसरत जाऊन चेंडू काढून घेण्याची त्यांची पद्धत इतकी जबर होती, की भले भले आघाडीवीर त्यांच्या बाजूला फिरकायला कचरत.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते भारताकडून खेळले. तिथे आपण फ्रान्सला १–१ असे बरोबरीत रोखले आणि हंगेरीसारख्या बलाढ्य संघाकडून फक्त १–२ असे हरलो. पण त्यांच्या आयुष्यातला खरा कसोटीचा प्रसंग आला तो १९६२ साली, जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत.

या स्पर्धेत इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना यजमानांनी प्रवेश नाकारला होता. भारताचे क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला आणि इंडोनेशियात भारताविरुद्ध संतापाची लाट उसळली. आपल्या वकिलातीवर जमाव चालून गेला. मैदानात आपल्या खेळाडूंची हुर्यो उडवली जाऊ लागली. त्यात पहिलाच सामना आपण दक्षिण कोरियाकडून ०–२ असा गमावला. पुढे थायलंडला ४–१ असे हरवले खरे, पण त्या सामन्यात जर्नेलसिंग यांच्या डोक्याला मोठी जखम झाली आणि टाके घालावे लागले.

आता करायचे काय? डोक्याला टाके असलेला बचावपटू चेंडू डोक्याने परतवणार कसा? प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी एक धाडसी निर्णय घेतला. उपांत्य सामन्यात त्यांनी जर्नेलसिंग यांना बचावफळीतून काढून थेट आघाडीवर उभे केले. आयुष्यभर गोल अडवणाऱ्या माणसाने आता गोल करायचा होता. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्यांनी तो केला आणि आपण ३–२ असे जिंकलो.

४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामना पुन्हा त्याच दक्षिण कोरियाशी झाला. सुमारे एक लाख प्रेक्षक, बहुतेक सगळे आपल्या विरोधात. त्या गर्दीत आपल्या बाजूने ओरडणारे जे थोडे होते, त्यांत पाकिस्तानचे हॉकीपटू होते, हे आवर्जून सांगण्यासारखे! सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी यांनी पहिला गोल केला आणि विसाव्या मिनिटाला जर्नेलसिंग यांनी दुसरा. कोरियाने शेवटी एक गोल फेडला, पण भारताने २–१ असे सुवर्णपदक जिंकले. याच संघात मधल्या फळीत आपल्या गोव्याचे, कोलवाळचे फोर्तुनातो फ्रँको होते. कर्करोगाने जर्जर झालेले रहीमसाहेब पुढच्याच वर्षी गेले. त्यानंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्ण भारताला पुन्हा मिळालेले नाही.

१९६४ साली जर्नेलसिंग यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी आशिया चषकात भारत उपविजेता ठरला. १९६५ ते १९६७ ते भारताचे कर्णधार होते. आशियातील निवडक खेळाडूंच्या संघाचे नेतृत्वही त्यांच्याकडे आले. आजचा काळ असता तर असा बचावपटू नक्कीच परदेशी क्लबात गेला असता. पण तो काळ वेगळा होता. कलकत्त्याचे महंमद सलीम १९३६ साली ग्लासगोच्या सेल्टिक क्लबकडून दोन सामने अनवाणी खेळून परतले होते आणि बायचुंग भुतिया इंग्लंडच्या बरी क्लबात जायला १९९९ साल उजाडावे लागले. मधल्या पिढीला दारच नव्हते.

खेळ थांबल्यावर जर्नेलसिंग पंजाबात परतले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली पंजाबने १९७४ च्या मोसमात संतोष ट्रॉफी जिंकली, तीही अंतिम सामन्यात बंगालला ६–० असे धुऊन! पुढे ते पंजाबच्या क्रीडा खात्यात संचालकपदापर्यंत पोचले. उतारवयात ते कॅनडात गेले आणि ऑक्टोबर २००० मध्ये व्हँकुव्हर येथे त्यांचे निधन झाले. लहानपणी एकदा गाव सुटले ते सुटलेच. शेवटचा श्वासही परमुलखातच घेतला.

२०२४ साली आलेल्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटामुळे त्या जकार्ताच्या संघाची पुन्हा थोडी आठवण झाली. आपल्या मुलांसोबत तो जरूर पाहा. आणि पुढच्या वेळी संघ निवडताना कुणा मुलाला मागे बचावाला उभे केले म्हणून तो रुसला, तर त्याला जर्नेलसिंग यांची गोष्ट सांगा. मागे उभा राहणाराही वेळ आली की सामना जिंकून देतो, हे त्याला पटेल, अशी आम्हाला खात्री वाटते.